आभाळ नापास करणारे माझे साडू

जगात आभाळाला नापास करण्याचा अधिकार एकाच माणसाला आहे आणि ते गृहस्थ माझे थोरले साडू आहेत. उभी हयात त्यांनी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी तपासण्यात घालवली. समोर आलेला पार्ट उचलायचा, उजेडात फिरवायचा, डोळे बारीक करायचे आणि ‘ओके’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणायचं. रिटायर झाल्यावर पार्ट यायचे थांबले, पण डोळे काही मोठे होईनात. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या पोळ्या उजेडात धरल्या. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, ते मुकाट्याने सोसलं. मात्र एका पोळीला ‘रीवर्क’, म्हणजे पुन्हा लाटून आण, असं सांगितल्यावर लाटणं उगारून त्यांना गच्चीवर पिटाळलं. आम्ही दोन्ही घरं राहतो त्या रहाटणीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तपासण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक बायकांच्या कुंड्या आणि दुसरं आभाळ. साडूंनी दोन्ही ताब्यात घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या फोनवर त्यांचं हवामान येऊन पडतं. “पिंपळे गुरव : ढग आहेत, पण हलक्या प्रतीचे. रहाटणी : आभाळ ओके. पुनावळे : हायवेच्या अलीकडे ऊन, पलीकडे रीवर्क. मोगरावाल्यांनी पाणी घालावे. टोमॅटोवाल्यांनी पुढील सूचनेपर्यंत थांबावे.” त्यांच्या फोनमध्ये हवामानाची पाच अ‍ॅप आहेत आणि एकावरही त्यांचा विश्वास नाही, म्हणून ते पाचांची सरासरी काढतात. तिघांनी पाऊस सांगितला आणि दोघांनी ऊन, तर साडू “पाऊस पडेल, पण मनापासून न्हाई” असं लिहितात. अंदाज चुकला तर चूक अंदाजाची कधीच नसते. “फोरकास्ट करेक्ट हुतं, साडूभाऊ. पाऊसच ठरल्या मापाभायेर, डेव्हिएशनमधी पडला.” पुढील सूचनेची वाट बघत माझी टोमॅटोची तीन रोपं उभ्या उभ्या वाळली, पण मी पाणी घातलं नाही. शिस्तीत मी कुणाला हार जात नाही.

त्यांनी पाऊस मोजायचं नळकांडंही आणलं होतं. गच्चीवर मोकळी जागा शोधताना त्यांनी ते नेमकं पाण्याच्या टाकीखाली ठेवलं. कारण तिथे म्हणे ‘डिस्टर्बन्स’ नव्हता. आमच्याकडे पाण्याची मोटर आळीपाळीने चालू करायची पद्धत आहे. त्या दिवशी पाळी माझी होती. मी बटण दाबलं, आंघोळीला गेलो, गाणं म्हटलं आणि मोटर विसरलो. टाकी भरून वाहू लागली. तेवढ्यात साडू वर गेले, नळकांडं तुडुंब बघितलं आणि फोनवर मोठ्या अक्षरांत उमटलं, “रहाटणीत ढगफुटी! कुंड्या आत घ्या!” बाहेर लख्ख ऊन पडलेलं. मी टॉवेलवर धावलो. कोरांटी, कढीपत्ता, शेजारणीचं लिंबाचं झाड, सगळं ओढून माझ्या हॉलमध्ये आणलं. सोफ्यावर जास्वंद बसली आणि मी उभा राहिलो. बायकोने खिडकीबाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मोटर बंद केलीत?” त्यानंतर साडूंनी माझी रीतसर चौकशी लावली. “मोटर का विसरलात?” गाणं म्हणत होतो. “गाणं का म्हणत हुता?” आंघोळ करत होतो. “आंगूळ का?” असं विचारत विचारत ते माझ्या जन्मापर्यंत पोहोचले आणि खरा दोष तिथेच आहे असं त्यांचं मत पडलं.

पण या सगळ्या कारभारात त्यांच्या जिवाभावाची एकच सेवा होती. चाकणच्या पलीकडे त्यांची थोरली बहीण शेती करते. सगळे तिला आक्का म्हणतात. रोज सकाळी आक्काचा फोन यायचा, “बाळ्या, आज काय?” साठी उलटलेला हा बाळ्या त्या वेळी उभा राहायचा, गळा साफ करायचा आणि बिल्डिंगला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा.

या उन्हाळ्यात आक्काचा कांदा काढून रानात पडला होता. सुकायच्या आत भिजला तर कांदाचाळीत सडून जाणार. साडूंनी सकाळी ठणकावून सांगितलं, “बिनधास्त पडू दे. आभाळ पास हाय!” आणि दुपारी चाकणच्या बाजूला आभाळ असं काळं झालं की साडूंचा चेहरा पांढरा पडला. “साडूभाऊ, ताडपत्री घ्या, गाडी काढा!” मी धावत तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत गेलो, कोपऱ्यातली गुंडाळी खांद्यावर मारली आणि आम्ही स्कूटरवर निघालो. मोशीला कंटेनरांच्या रांगेत अडकलो. मागे बसलेले साडू ढगाकडे हात करून ओरडत होते, “होल्ड! होल्ड कर!” शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “भाऊ, सिग्नल तिकडं हाय.” ढगाने होल्ड केलं नाही. भिजून चिंब होत आम्ही रानात पोहोचलो, साडूंनी गुंडाळी झटकली आणि ती उलगडली. हिरवी शेडनेट होती. कुंड्यांवर सावलीला बांधतात ती जाळी. तिच्यातून पाऊस गाळून पडला असता, एवढंच.

साडू माझ्याकडे बघत होते आणि मी रानाकडे. कांदा झाकलेला होता. नीट, कडेला दगड ठेवून. आक्का रानातल्या घराच्या दारात चहाचं पातेलं घेऊन उभी.

“कवा झाकलास?”

“सकाळीच.”

“सकाळी? सकाळी तर मी पास म्हणलो हुतो!”

“व्हय. म्हणूनच झाकला.”

“म्हंजे तू माझं उलटं करतीस? किती वरसं?”

“ते नको इचारू. च्या घे.”

मला हसू आवरेना. चहा नाकात गेला. साडू मात्र हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवामान आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारणीने विचारलं, “काका, मोगऱ्याला पाणी घालू का?” तिचा मोगरा कोरडाच राहिला. मीही पाणी घालावं की नाही या विचारात दारात तांब्या धरून उभा राहू लागलो. शेवटी चहा घेऊन गच्चीवर गेलो. साडू टाकीच्या सावलीत आभाळाकडे पाठ करून बसले होते. फोन वाजत होता. ते उचलेनात. परत वाजला. माझा हात जात्याच आगाऊ. मी बटण दाबून स्पीकर लावला.

“बाळ्या, फोन का उचलंना? आज काय?”

“मला कशाला इचारतीस? तुला उलटंच करायचं हाय ना?”

“करीन की उलटं. पर तू सांगितल्याबिगर उलटं कसं करू?”

मी ओठ चावून उभा. मग पलीकडून आवाज खाली आला.

“कांद्याचं माझं मी बघते रं. आई गेल्यापासनं सकाळी बोलायला मला हाय कोण? कसा हायस म्हणलं की तू बरा हाय म्हणतोस अन् ठिवतोस. आभाळाचं इचारलं की मातुर बोलत ऱ्हातोस.”

साडू उठले. कठड्याशी गेले. चाकणच्या बाजूला डोळे बारीक करून पुष्कळ वेळ बघत राहिले. “पातळ ढग हायती, आक्का,” ते म्हणाले, “वारा बी बरा हाय,” आणि मग तिच्या गुडघ्यावर, म्हशीवर, आईच्या हातच्या पिठल्यावर गाडी गेली ती थांबेना. मी चहा कठड्यावर ठेवून खाली आलो.

घरी येऊन उगीच फोन चाळला. माझा थोरला भाऊ लातूरकडे असतो. दिवाळीनंतर आमचं बोलणं नव्हतं. फोन लावला. “काय रे, सगळं बरं आहे ना?” तो घाबरून म्हणाला.

“बरं आहे, दादा. तुमच्याकडे आभाळ कसं आहे?”

“आभाळ?” तो म्हणाला. मग चपला सरकवल्याचा आणि दाराची कडी काढल्याचा आवाज आला.

“दिसतंय का काही?” मी विचारलं.

“थांब की जरा,” दादा म्हणाला. “नीट बघू दे.”