बायनाबाईची आणेवारी

नांदूरघाटकडच्या आश्रुबाला शेतात उतरल्याशिवाय पीक कळायचं नाही, आणि उतरला की चुकायचा नाही. वीस वर्षं सोसायटीचा चेअरमन, त्यामुळं आणेवारीच्या कमिटीत त्याचं नाव हटकून. रुपयात किती आणे पीक आलं ते ही कमिटी ठरवायची. "मालकाला इचारू नगा, कणसाला इचारा," असं तो तलाठ्यालाही सुनवायचा. दुष्काळात खरं सांगतंय कोण?

आता तसला मालक त्याच्या घरातच निघाला. त्याच्या बायकोच्या, बायनाबाईच्या, कमरेच्या हाडात कॅन्सर उतरला होता. दर बुधवारी अंबाजोगाईहून सुरैया नर्स घरी यायची. गोळ्या द्यायची, कूस कशी बदलायची, उशी कुठं लावायची ते आश्रुबाला शिकवायची. मग आजीला कळावं म्हणून आश्रुबाच्याच मापानं विचारायची, "आजी, दुखणं रुपयात किती आणे?"

"चार आणे. लई न्हाई," बायनाबाई पदर सावरून सांगायची.

चार आणे म्हणे! सुरैयाची पाठ फिरली की हीच बाई पदराचा बोळा दातांत धरून पडायची. आश्रुबाला तिनं पोरांची आण घातली होती. "वाढलंय म्हनलात तर मला दवाखान्यात उचलून नेतील. माझ्या जावंला, केसरबाईला नेली, ती परत आलीच न्हाई. मला हितंच मरायचंय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली बिचाऱ्याची.

त्या बुधवारी तो सकाळपासूनच बायनाबाईजवळ बसून होता. टँकर आला, सगळी आळी हंडे घेऊन पळाली, हा खाटेपासून हलला नाही. सुरैयानं नेहमीसारखं विचारलं.

"चारच," बायनाबाई म्हणाली.

"चौदा," आश्रुबा म्हणाला. "खोटं बोलती ती. चौदाच्या वरच आसंल."

बायनाबाईनं असं बघितलं की त्याला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. "घात केलात माझा," ती म्हणाली.

सुरैया खाटेच्या कडेला टेकली. "घात कसला, आजी? डॉक्टरांना आत्ता फोन करते. जोराचं औषध आहे, ते सुरू करू. इथंच, घरी."

"मंग मला न्यायचं न्हाई?"

"कशाला नेऊ? दुखणं घरी सांभाळायलाच तर येते मी."

चार महिने बायनाबाईनं फुकट सोसलं होतं, आणि आश्रुबानं शेजारी बसून ते सोसू दिलं होतं. त्याला तिच्याकडं बघवेना. तिनं डोळे मिटले. मग ती नर्सच्या देखत, कुणाची भीड न धरता, पहिल्यांदा मोठ्यानं कण्हली.