सोललेली दोराजी

गावात कुणाचा घसा सुजला की तो ओकबुनच्या दारात यायचा. जिरीसान डोंगराच्या उतारावर, घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात तिची दोराजी होती, औषधी मुळांची झुडपं. लग्नाच्या वर्षी लावलेली, जागा बदलून बदलून जगवलेली. ती मुळं सालासकट घासून धुवायची, नाशपातीबरोबर रटरटू द्यायची आणि वाटी पुढे करायची.

मुलगी योनजू जिंजू शहरातल्या प्रयोगशाळेत मदतनीस. गावठी औषधांनी सूज उतरते का, हे तिथे उंदरांवर तपासत. "आई, तुझी दोराजी पाठव," असं लेकीने म्हटल्यावर ओकबुन हरखून गेली. सगळ्यात जुनी मुळं उपटून, दिवसभर खपून तिने पार्सल बांधलं.

निकाल आला. उंदरांच्या पायांची सूज जराही उतरली नव्हती.

"ओकबुन, तुझ्या काढ्याने उंदीरसुद्धा बरा होईना," शेजारची कुमसून चारचौघींत म्हणाली. "मग आम्ही मेल्या बऱ्या झालो त्या कशा गं?"

सगळ्या हसल्या. ओकबुनही हसली. पण तेव्हापासून कुणी काढा मागितला की ती डॉक्टरकडे बोट दाखवी. वसंतात तिने तुकडा खणून काढला, मुळं भाजीच्या भावाने विकली आणि तिथे मिरची लावली.

सुगीच्या सणाला योनजू आली. पितरांच्या ताटासाठी ओकबुन विकतची दोराजी सोलत होती. योनजू बघत राहिली.

"आई, मला पाठवलीस तीही सोलूनच?"

"मग? एवढे शिकलेले प्रोफेसर, त्यांच्यापुढे मातकट मुळं ठेवू? एक डाग ठेवला नव्हता मी."

"अगं, गुण बराचसा सालीत असतो."

"मग तू का नाही विचारलंस?"

"पार्सल उघडलं तर पांढरीशुभ्र मुळं. वाटलं, आईने किती मानाने पाठवलंय. सरांना कौतुकाने दाखवली मी."

ओकबुनने सुरी खाली ठेवली. "परत तपासतील?"

"ते काम बंद झालं, आई. आणि तेवढी जुनी मुळं आता आणायची कुठून?"

दाराबाहेर मिरच्या लालबुंद लगडल्या होत्या.

"कुमसून गेला हिवाळाभर खोकत होती," ओकबुन म्हणाली. "टोमणे मारायची, तरी वाटी घेऊन आली होती. मी दार लोटून घेतलं."

पितरांच्या ताटात दोराजी पांढरीच लागते. तिने सुरी पुन्हा उचलली. सालं मात्र कोंबड्यांपुढे टाकली नाहीत, एका वाडग्यात वेगळी ठेवली. विकतच्या कोवळ्या मुळांची सालं ती, निघून निघून कितीशी निघणार.