पुढच्या सीटचं भाडं

"कान धर," तो म्हणला. मी धरले.

मांजरसुंब्याचा चौक. भर दुपार. माझी काळीपिवळी जीप शिटांनी, म्हंजे माणसांनी, भरलेली, तोंड केजकडं. गाडीचा मालक मी, डायवर मी, अन् गाडीच्या पुढं रस्त्यावर कान धरून उभा बी मीच. समोर दादा. दादा म्हंजे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या. माझ्याहून लहान. माझा गुन्हा काय, तर भाडं मागितलं. तो कैक वर्षांपासून पुढच्या सीटवर फुकट बसतो. त्या दिवशी संग एक दोस्त आणलता. मी म्हणलं, "दादा, तुमचं राहू द्या, दोस्ताचं तरी द्या."

"भाडं मागतो बे? कुणाच्या जिवावर गाड्या चालतेत तुमच्या? कान धर."

काचेतून सगळे बघत व्हते. एक जण हसलं. तसा मी बी हसलो, जशी काय दोस्तातली गंमत चाललीय. कान धरल्याचं दुःख हाय, पण त्यापेक्षा हसल्याची लाज जास्ती वाटती. त्यानं "बस झालं आता" म्हणल्यावर मी मुकाट गाडीकडं आलो.

आता पुढचं सांगतो. ते सांगायला जीभ उचलत न्हाई.

आमच्या धंद्यात एक रीत हाय. मागच्या शिटांकडून भाडं आधी घ्यायचं, पुढच्यांना इचारायचं न्हाई. कुणी लिहून ठिवलं न्हाई, पण समद्या डायवरांना पाठ हाय. बोचकंवाली बाई, मजूर, मेंढरंवाला दिसला की आमचा हात पुढं: आधी पैसे. कडक इस्त्रीची कापडं दिसली की तोच हात दार उघडतो. मी सोता मेंढरंवाल्याचा पोरगा. बापासंग रानोरान हिंडलेलो. आमाला बी गाड्यांनी लई वेळा खाली उतरवलंय. अन् गाडी घेतल्यावर ही रीत सगळ्यात आधी मीच शिकलो.

त्या दिवशी कान लाल, डोकं गरम. मागचं दार उघडलं अन् वसुलीला लागलो. शेवटाला एक म्हातारी बसलती. काष्ट्याचं लुगडं, मांडीवर घोंगड्यात बांधलेलं बोचकं. तिची मेंढरं डोंगराकडं बसलती, हे तिनंच शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलतं.

"आधी पैसे."

"बाळा, पोरगी केजच्या दवाखान्यात हाय, बाळतपणाला. जावई ष्टँडवर उभा राहणार हाय. तो देतो."

रोजच्यासारखा दिवस असता तर मी गुरगुरून नेली असती. तशा लई जणी नेल्यात. पण त्या दिवशी मला कुणाला तरी खाली बघायला लावायचं व्हतं.

"न्हाई जमत. उतर."

ती रागावली न्हाई. हात जोडले न्हाईत. किती वाजले इचारावं तसं इचारलं, "त्या पुढच्यानं दिले का?"

दादा मान वळवून हसला. "म्हातारी हिशोब मागती बे तुला."

मी तिचं बोचकं उचललं अन् खाली धुळीत ठिवलं. दंडाला धरून तिला उतरवलं. दंड कसला, नुसतं हाड. खाली टेकल्यावर तिनं आधी लुगडं नीट केलं, मग बोचकं झटकलं. माझ्याकडं बघितलंच न्हाई. मी दार आपटलं अन् गाडी काढली. नेकनूर येईपर्यंत दादा दोस्तासंग म्हातारीच्या हिशोबाचीच टिंगल करत व्हता अन् मी हो ला हो करत व्हतो.

केजला गाडी थांबली. दादा उतरून गेला. एक पोरगा पळत आला. अंगातला सदरा घामानं चिकटलेला. मुठीत नोटा, माझ्यापुढं धरलेल्या. मागं वाकून वाकून बघतोय.

"मामा, मांजरसुंब्याहून आमची म्हातारी न्हाई का आली? बायको सारखी तिचंच नाव घेतीय."

भाडं माझ्यापुढं उभं व्हतं, अन् मी म्हणलो, "न्हाई बा. बघितली न्हाई."

खोटं. तोंडावर. तो मागच्या गाडीकडं पळाला, मग तिच्या मागच्या.

मी रांगेतला नंबर सोडला अन् रिकामी गाडी घेऊन मागं आलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला बघत. चौकात ती नव्हती. ढाब्यावाला म्हणला, "ती व्हय? केजच्या रस्त्यानं चालत निघालती." मी त्याच रस्त्यानं आलतो, मला दिसली नव्हती. कुणी ट्रकवाल्यानं घेतली, का सावली बघून कुठं बसली, का लेकीपशी येळंवर पोचली, मला अजून म्हाईत न्हाई. दवाखान्यात जाऊन इचारता आलं असतं. म्हणलं असतं, मीच उतरवली तिला. पाय न्हाई उचलला. दादापुढं भ्यालो ते एक येळ समजू शकतो. पण मी त्या घामेजल्या पोरालाबी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी दादा आला. सवयीनं पुढच्या दारावर हात.

मी दार आतून दाबून धरलं. "दादा, भाडं."

"काल कान धरले ते इसरलास का?"

"न्हाई. भाडं द्या, मग बसा."

बाकीच्या डायवरांनी माना फिरवल्या. मागून दोन शिटा गपचूप उतरल्या. त्यांचा राग न्हाई, मी बी कालपर्यंत तेच केलं असतं. दादा जवळ आला, हळू बोलला. "उद्यापासून तुझी गाडी नंबरात दिसली, तर काच शाबूत राहणार न्हाई." अन् मागच्या गाडीत जाऊन बसला. त्या डायवरनं त्याच्यासाठी सीट पुसली.

नंबर गेला तर माझं घर बसतं. गाडीचे हप्ते हायेत, लेकरं शिकतेत. बायकोला सांगितलं. ती म्हणली, "कावून नादी लागता त्याच्या?" मी तिला म्हातारीचं सांगितलं. माझ्याकडं बघायचं टाळलं तिनं. बरोबरच हाय तिचं.

कुणी म्हणंल, चूक उमगली, मोकळा झालास. कसला मोकळा? एका बाईला लेकीच्या बाळतपणाच्या दिवशी मी धुळीत उभं केलं. दादाला नडून ते फिटत न्हाई. फिटावं अशी माझी मागणी बी न्हाई.

आज सकाळी गाडी नंबरात आणून लावलीय. फटफटीवर दादाचे दोघं जण चक्कर मारून गेले. काच फोडू द्या, टायर कापू द्या. मागचा माणूस "तिथं गेल्यावर देतो" म्हणला, तर त्याला बसवून नेणार. अन् पुढं जो फुकट बसंल, तो उतरल्याबिगर माझ्या गाडीचं चाक हलणार न्हाई.