साडूंनी पोसलेला लॅपटॉप

लॅपटॉप वापरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. लॅपटॉप पोसणारा माणूस मात्र माझ्या माहितीत एकच, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. मांडवगण फराट्याला त्यांचा ऊस आहे, कांदा आहे, दोन जर्सी गाई आहेत, आणि या सगळ्यांच्या वाट्याला मिळून जेवढी निगा आली नसेल तेवढी एकट्या त्या करड्या यंत्राच्या वाट्याला आली. घेतला होता तो त्यांच्या लेकीसाठी. प्रतीक्षा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मी कारेगावला राहतो, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करतो आणि कंपनीने मला एक जुना लॅपटॉप दिलेला आहे. एवढ्या भांडवलावर साडूंनी मला या विषयातला जाणकार ठरवून टाकलं आणि खरेदीला शिरूरला बोलावून घेतलं. येताना गाडीत खोकं त्यांच्या मांडीवर होतं. रस्त्यात गतिरोधक आला की ते दोन्ही हातांनी खोकं वर उचलून धरायचे, आणि मागचं चाक उतरलं की अलगद मांडीवर ठेवायचे. मांडवगण येईपर्यंत त्यांचे खांदे भरून आले होते.

घरी पोचल्यावर चहाच्या आधी त्यांनी खोक्यातला सूचनांचा कागद माझ्यापुढे पसरला. त्यात जगातल्या बऱ्याच भाषा होत्या, मराठी तेवढी नव्हती. मी एकेक ओळ सांगत गेलो. उन्हात ठेवू नये, धुळीपासून जपावे, ओलावा लागू देऊ नये, वीज कमीजास्त होते तिथे थेट जोडू नये. साडूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी पाव्हणं, मांडवगणात ठिवू नका, असंच लिव्हलंय की.”

पण मांडवगणातच ठेवायचा म्हटल्यावर त्यांनी कंबर कसली. वीज आमच्याकडे कशी येते ते सांगायला नको. त्यांनी फ्रिजलाही कधी घेतला नव्हता तो स्टॅबिलायझर लॅपटॉपला घेतला. बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवू नये, असं मी एकदा बोलता बोलता म्हणालो, तर ते त्यांना फार पटलं. “जनावराला बी पोटाला तडस लागंस्तवर चारत न्हाईत,” म्हणाले, आणि तेव्हापासून ते गोठ्यातून ओरडून विचारू लागले, किती झालं, आणि मेव्हणीबाई स्वयंपाकघरातून उठून बघून ओरडून सांगू लागल्या. लॅपटॉपच्या कडेला गरम हवा बाहेर पडायच्या फटी असतात, त्यांना ते नाकपुड्या म्हणत. प्रतीक्षाने गोधडीवर ठेवून काम सुरू केलं की ते धावत येऊन खाली पाट सरकवायचे, “नाकपुड्या दाबू नगं त्येच्या.” मग तळाला हाताची मागची बाजू लावून बघायचे, ताप बघतात तसा. मेव्हणीबाई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या की लग्न झाल्यापासून माझ्या कपाळाला असा हात लागलेला मला आठवत नाही.

धुळीची तर त्यांनी धास्तीच घेतली होती. ऊसतोड झाल्यावर शिवारात पाचट पेटतं आणि त्याची काळी राख दारं-खिडक्या बंद केल्या तरी घरात उतरते. त्या दिवसांत लॅपटॉप मेव्हणीबाईंच्या ठेवणीतल्या साडीत गुंडाळलेला असे. बटणांच्या फटीतली धूळ काढायला मऊ ब्रश लागतो म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा दाढीचा ब्रश धुऊन वाळवून लॅपटॉपला देऊन टाकला आणि आपण हातानेच गालाला फेस लावू लागले. पाहुण्याने लॅपटॉपजवळ बसायचं तर हात धुऊन बसायचं. गावातले एक पुढारी तळहातावर तंबाखू मळत मळत आत आले, तेव्हा साडूंनी त्यांना इतक्या आदराने ओट्यावर नेऊन बसवलं की आपल्याला बाहेर काढलंय हे त्यांना कळलंच नाही. खाणंपिणं त्या खोलीत बंद. चहाचा कप उंबऱ्याच्या बाहेर.

हे सगळं आम्ही हसून सांगत असू. प्रतीक्षाला मात्र त्याचं हसू येत नव्हतं. तिचं कॉलेज दौंडच्या बाजूला, जायचं यायचं एसटीने, आणि एसटीत लॅपटॉप न्यायला साडूंची बंदी. हादरे बसतात, गर्दी असते, कुणी त्याच्यावर पिशवी ठेवली तर काय घ्या. त्यामुळे मैत्रिणी कॉलेजात आपापले लॅपटॉप उघडून बसत तेव्हा ही वहीत लिहून घेई आणि संध्याकाळी घरी येऊन, हात धुऊन, पाटावर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर बसे. साडू शेजारी. ती दोन-तीनदा बोलली, मग बोलायची थांबली.

तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यांच्याच कांद्याच्या वावरातला होता. मातीतला ओलावा मोजायचा आणि त्यावरून मोटर आपोआप चालू-बंद करायची. जमिनीत तारा खोचून तिने महिनोन्महिने नोंदी घेतल्या होत्या. सगळं त्या लॅपटॉपमध्ये. आणि प्रोजेक्ट द्यायची तारीख तोंडावर आली असताना एका सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही.

साडूंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मला आधी ओळखता आला नाही. आम्ही तिघं शिरूरला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, इतकी स्वच्छ मशीन आमच्याकडे येतच नाही. साडूंच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. मग तो म्हणाला की माहिती साठवायची डिस्क गेली आहे. नवी टाकली की मशीन चालेल, पण आतलं काही परत मिळणार नाही. कॉपी कुठे ठेवली असेल ना? ठेवली नव्हती. सूचनांच्या त्या कागदात सगळं होतं, तेवढी एक गोष्ट नव्हती. महिन्यामागे सरांना पाठवलेला अर्धा मजकूर तिच्या मेलमध्ये सापडला. बाकीचं गेलं होतं. नवी डिस्क तिथेच बसवून घेतली आणि निघालो.

घरी आल्यावर साडूंनी सवयीने लॅपटॉपखाली पाट सरकवला, तेव्हा प्रतीक्षा हळू आवाजात म्हणाली, “आप्पा, तुम्ही त्याला एवढं जपलं की मला तो कधी माझा वाटलाच न्हाई.”

ती चिडून बोलली असती तर साडूंनी उत्तर दिलं असतं. ते उठले आणि मोटर चालू करून येतो म्हणून वावरात गेले. त्या वेळी लाईट नव्हती. मेव्हणीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी चप्पल घातली आणि मागे गेलो. ते बांधावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्यांनी विचारलं की ती काय काय लिहीत होती ते पुन्हा लिहिता येईल का. मी म्हटलं, आकडे आठवले तर येईल. ते म्हणाले, “तारखा न्हाई सांगता यायच्या. पर पाणी कवा दिलं, कुठला वाफा आधी सुकला, ते समदं ध्यानात हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बापलेक बसली. तिच्या मोबाईलमधले वावराचे काही फोटो निघाले, त्यांच्या आधाराने तिने तारखा जुळवल्या. साडू सांगत होते ते आपल्या हिशेबाने. चिंचेखालच्या वाफ्यात तारा खोचल्या तो पुतण्याच्या साखरपुड्याचा दिवस. मोटर आपली आपण बंद झाली तवा गाय व्यायली होती. ती हसायची आणि लिहून काढायची. जिथे आठवेना तिथे दोघं उठून वावरात जाऊन पुन्हा मोजून यायची. मी रजा टाकून थांबलो होतो, पण माझा उपयोग चहा आणण्यापुरताच होता. दुपारी तिला उठायला वेळ नव्हता. साडूंनी ताट त्या खोलीत आणलं आणि भाकरीचे घास मोडून तिला भरवू लागले. ती टाईप करत होती, तोंड उघडत होती, आणि शेंगदाण्याची चटणी बटणांवर सांडत होती. त्यांना ते दिसत होतं. त्यांनी पुढचा घास केला.

प्रोजेक्ट वेळेत गेला. पहिल्यापेक्षा थोडा लहान झाला होता, पण सरांनी नवे आकडे तपासून बघितले आणि ठीक आहे म्हणाले. तो द्यायला ती एसटीने गेली, लॅपटॉप पाठीवर घेऊन. साडूंनी थांब्यापर्यंत सोडलं आणि जागा मिळाली का एवढंच विचारलं.

आता ती पुण्यात नोकरीला आहे. कंपनीने तिला नवा लॅपटॉप दिला, म्हणून हा तिने वडिलांसाठी ठेवून दिला. साडू त्यातल्या प्रत्येक गोष्टीच्या दोन कॉप्या करतात. एक पेनड्राईव्ह त्यांच्या कपाटात असतो आणि दुसरा कारेगावला माझ्या घरी, कारण बियाणं सगळं एका कणगीत ठेवत नसतात.

परवा दौंडला एका लग्नाला गेलो होतो, येताना वाट वाकडी करून मांडवगणला थांबलो. साडू एका बोटाने मराठीत काहीतरी टाईप करत बसले होते. फोन केला की प्रतीक्षा मीटिंगमध्ये असते, नंतर करते म्हणते, आणि मग राहून जातं. तिनेच सांगितलं होतं, आप्पा, मेल लिहीत जा, मी निवांत वाचीन. मी खुर्ची ओढून बसलो. एक ओळ झाली की ते थांबत, ती मोठ्याने वाचत आणि पडद्याकडे बघत राहत. मला वाटलं अक्षर सापडत नसेल. विचारलं, तर म्हणाले, “सापडतंय की. पर बोलताना समोरचं माणूस हं म्हनतं, मग पुढचं सुचतं. हितं कुणी म्हनतच न्हाई.”

आणि ते पुन्हा लिहू लागले. कांदा काढायला झाला आहे. चिंचेखालच्या वाफ्यात या वर्षी पाणी जास्त टिकलं. त्यांनी ते सावकाश वाचून दाखवलं आणि थांबले.

मी म्हटलं, “हं.”

त्यांनी मान हलवली आणि पुढची ओळ लिहायला घेतली.