क वरचा दोन

बातमी मंगळवारी दुपारी आली. फोन वत्सलाचा होता. "मामा, अम्मा गेली," एवढे ती मराठीत बोलली आणि पुढचे तमिळमध्ये. मी विचारले, किती वाजता? वृत्तपत्राच्या टेबलावर सव्वीस वर्षे काढलेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. त्याची लाज नंतर वाटते. "अकरा वाजून वीस मिनिटं," ती म्हणाली. जवळ कोण होते? "मीच. रविवार नसून मी होते..." फोन ठेवून मी पुण्याहून रेल्वेची चौकशी केली.

वत्सलाची अम्मा म्हणजे अंबुजाबाई, माझी मामेबहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी तिला अंबुअक्का म्हणत असे. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरे समोरासमोर होती. त्या गल्लीत घराच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ असा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मराठी आम्ही बोलतो. देवनागरी मात्र फार थोड्यांना वाचता येते. सामानाच्या याद्या, पत्रे, देवाची स्तोत्रे, सगळी मराठी आम्ही तमिळ अक्षरांत लिहितो. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर मी देवनागरी शिकलो. अंबुअक्काने शिकायचे कधी मनावर घेतले नाही. "तुमच्याकडे अक्षरें फार," ती म्हणायची. "मला गणिताचीं धरून इतकीं पुरतात."

गणित हा तिचा पेशा होता. मुलींच्या शाळेत नववी-दहावीला एकतीस वर्षे तिने ते शिकवले. त्या काळात शाळेच्या प्रश्नपत्रिका गावातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापल्या जात आणि जुळाऱ्याकडे वर्गमुळाचे चिन्ह नसे. तो तिथे मोकळी जागा सोडी. परीक्षेच्या आदल्या दिवशी अंबुअक्का काळ्या शाईने प्रत्येक प्रतीवर ते चिन्ह काढत बसे. त्याचे छप्पर आतल्या आकड्यांवर पूर्ण पोचले आहे की नाही हे डोळा बारीक करून पाही. "छप्पर तोकडें पडलें तर आंतला आंकडा भिजेल," असे ती मला सांगे आणि मी लहान असल्यामुळे ते खरे मानत असे.

वत्सला तिची एकुलती मुलगी. नववीत ती आईच्याच वर्गात आली. वर्गात 'मिस' आणि घरी 'अम्मा' अशी दोन नावे तिला वापरावी लागत. एका चाचणीत तिने उत्तर बरोबर लिहिले, पण मधल्या पायऱ्या गाळल्या. मिसने शून्य गुण दिले आणि वही वर्गासमोर धरून तमिळमध्ये विचारले, "हे उत्तर आकाशातून पडलं का?" वर्ग हसला. त्या संध्याकाळी जेवताना वत्सला म्हणाली, "अम्मा, उत्तर बरोबर होतें." अंबुअक्काने तिच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "तें मिसला विचार." हा प्रसंग मला पुढे अंबुअक्कानेच सांगितला, स्वतःची कोणतीही बाजू न मांडता. दहावीनंतर वत्सलाने गणित सोडले. औषधशास्त्र शिकली, लग्न करून पापनाशमला गेली आणि नवऱ्याबरोबर औषधाचे दुकान चालवू लागली. मायलेकींत अबोला कधीच नव्हता. दर रविवारी वत्सला बसने येई. स्वयंपाक, नातेवाईक, रक्तदाब, सगळे बोलणे होई. गणिताचे नाव मात्र दोघी काढत नसत. तीस वर्षे हे असे चालले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अंबुअक्काने मला फोनवर सांगितले की ती एक पुस्तक लिहिते आहे. मोजके सिद्धान्त, त्यांच्या सिद्धता, एकही पायरी न गाळता. भाषा घरची मराठी, अक्षरे तमिळ. मी विचारले, हे वाचणार कोण? "वत्सला," ती म्हणाली. मी म्हटले, "एका वाचकासाठी पुस्तक?" तिचे उत्तर तयार होते. "तुमचा पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत किती जण वाचतात, तुला ठाऊक आहे का रे?" मग थोडी थांबून म्हणाली, "तिला जेवायला बोलावलें तें मराठींत. रागें भरलें तें मराठींत. अस्क मराठींत. गणित तेवढें दुसऱ्या भाषेंत सांगितलें... तिथें मी तिची कोणी नव्हतें." 'अस्क' म्हणजे आमच्याकडे 'सगळे'.

टॅब्लेट मी नेऊन दिली. तिच्या उजव्या हाताला तेव्हा कंप सुरू झाला होता. कागदावरच्या रेघा नागमोडी होत आणि तिला त्या पाहवत नसत. या यंत्रात काचेवर पेनने लिहिले की तिचे वेडेवाकडे समीकरण छापील होऊन समोर येई. अपूर्णांकाची रेघ खालच्या-वरच्या आकड्यांइतकी आपोआप लांब होई. पहिल्या दिवशी तिने वर्गमुळाचे चिन्ह काढले, आत एक आकडा लिहिला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक आकड्यासरशी छप्पर पुढे सरकत गेले. ती बराच वेळ आकडे वाढवत राहिली. "त्या जुळाऱ्याला हें दाखवायला हवें होतें," एवढेच म्हणाली. छापील रूपाच्या मागे तिचा मूळ हात, म्हणजे पेनने लिहिले तसे अक्षर, हेही यंत्र साठवून ठेवते, हे मी तिला दाखवले. तिला त्यात रस नव्हता.

वत्सलाला त्या यंत्रात रस नव्हता. रविवारी ती आठवड्याची औषधे डबीत भरून ठेवी. अंबुअक्काने एकदा माझ्यादेखत तिच्याशी सौदा करून पाहिला. "तुझ्या टॅब्लेट मी रोज घेतें. माझी टॅब्लेट तूं एकदां पाहा."

"तुझ्या टॅब्लेटनं माझा रक्तदाब वाढतो, अम्मा," वत्सला डबी बंद करत म्हणाली.

तरी एकदा तिने पाहिले. आई आत काही आणायला गेली असताना टेबलावरची टॅब्लेट उचलून एक ओळ मोठ्याने वाचली आणि हसू लागली. त्याचे कारण सांगायला हवे. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना एकच अक्षर आहे आणि क, ख, ग, घ यांनाही एकच. अंबुअक्काने लिहिले होते, 'रेघेचे दोन भाग करा.' वत्सलाने वाचले, 'रेघेचे दोन पाग करा.' तमिळमध्ये 'पागु' म्हणजे पाक. "अम्मा, कसला पाग? गुळाचा की साखरेचा?" तिने आत हाक मारून विचारले. "गणित लिहितेस की अधिरसम करतेस?" अधिरसम म्हणजे तिकडचे अनारसे. अंबुअक्का दारात आली तेव्हा ती स्वतःही हसत होती. पण वत्सलाने टॅब्लेट तिथेच खाली ठेवली. दुसरी ओळ वाचली नाही. ती गेल्यावर अंबुअक्का मला म्हणाली, "हसली तें बरें. थांबली तें बरें नाहीं."

तिने उपाय काढला. तमिळ अक्षरांत छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकांत अशा अक्षरांवर बारीक आकडे देतात. क वर दोन असेल तर ख, प वर चार असेल तर भ. तिने पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करून सगळ्या शब्दांवर असे आकडे चढवले. दोन महिने गेले. मग पाने ईमेलने माझ्याकडे आली आणि मी चक्रावलो. गणितात अक्षरावरचा बारीक आकडा म्हणजे घात. यंत्राला स्तोत्रे ठाऊक नव्हती. त्याने सगळेच आकडे घात समजून ऐटीत छापले होते. मी फोन केला. "अक्का, रेघेचे दोन 'प चा चौथा घात' करायचे म्हणजे काय करायचें?" ती खोकला येईपर्यंत हसली. त्यात तिने अज्ञात संख्यांनाही क आणि च अशीच घरची नावे दिली होती. त्यामुळे एकाच पानावर क वरचा दोन कुठे 'ख' होता आणि कुठे 'क चा वर्ग'.

तिने दोन दिवस विचार केला आणि निर्णय दिला. "उच्चाराचे आंकडे काढून टाक. जिला घरचें बोलणें येतें तिला भाग कोणता आणि पाग कोणता, कळेल. गणिताचे तेवढे ठेव." एव्हाना तिच्या हाताला बारीक जागी पेन टेकवणे जमत नव्हते, म्हणून काम माझ्याकडे आले. "तूं उपसंपादक," ती म्हणाली. "काढणें हेंच तुझें काम." मी तीन आठवडे रोज सकाळी ते केले. एकूण बेचाळीस पाने. दोनदा तपासली आणि परत पाठवली. तिच्या डोळ्यांना तोवर पडदा आला होता. तिने पाने पाहिली, पण वाचली असतील असे मला वाटत नाही. तिने माझ्यावर सोडले होते.

शेवटची भेट थंडीत झाली. ती पलंगावर होती. तिच्या अक्षरातून यंत्राला आता काहीच उमगत नसे. तिने काढलेल्या बेरजेच्या चिन्हाचा ते स्वल्पविराम करी. तिने मला सरळ विचारले, "वत्सला वाचेल का?" मी म्हणालो, वाचेल. तिने माझ्याकडे पाहिले. "कशावरून?" ... वर्गात प्रश्न विचारताना असायचा तसाच आवाज होता. मी पाणी आणायला उठलो.

दिवसकार्य झाल्यावर मी पानांची छापील प्रत बांधून घेतली आणि टॅब्लेटसह वत्सलाच्या हातात दिली. तिने दोन्ही पिशवीत ठेवले, वर साडी ठेवली, "सरी, मामा" म्हणाली आणि पापनाशमची बस पकडली. सरी म्हणजे बरे. त्यातून काही ठरवता येत नाही. मी पुण्याला परतलो.

पाच आठवड्यांनी, एका सकाळी, दुकानातून तिचा फोन आला. मागे कोणी तरी खोकल्याचे औषध मागत होते.

"मामा, पान सत्तावीस समोर आहे का तुमच्या?"

मी काढले. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूच्या कोणत्याही अपूर्णांकाने नेमका मोजता येत नाही, याची ती सिद्धता होती.

"सहावी ओळ वाचा."

मी वाचली. "क सम आहे हें वर दाखवलें. म्हणून क सम आहे."

"हें काय आहे?"

मी म्हणालो, सिद्धता आहे.

"नाहीं मामा. क सम आहे म्हणून क सम आहे? हें मी नववींत लिहिलें असतें तर मिसनं वही गल्लींत फेकली असती. जें दाखवायचें तेंच आधीं धरलेंय. अम्मा असें लिहिणार नाहीं." मग गिऱ्हाइकाला तमिळमध्ये, जेवणानंतर दोन चमचे, आणि पुन्हा मला, "मीं तीन दिवस काढले हिच्यावर. मागच्या पानापासून सगळें करून पाहिलें. तिथें क नसणार. क चा वर्ग असणार. वर्ग सम, म्हणून क सम. मग पुढचें अस्क जुळतें. नंतर यंत्रांत अम्माचा मूळ हात उघडून पाहिला."

"काय आहे?"

"क वर दोन आहे. वाकडा आहे, पण आहे. तो कोणी काढला, मामा?"

मीच काढला होता. त्याच ओळीत 'दाखवलें' या शब्दातल्या ख साठी क वर दोन होता. तो काढताना शेजारच्या क वरचाही काढला. दोनदा तपासूनही मला तो दिसला नाही, कारण मी आकडे काढत होतो. सिद्धता वाचत नव्हतो. माझ्या दैनिकात अशा वेळी दुसऱ्या दिवशी चूकदुरुस्ती छापण्याची पद्धत होती. ती येथे करतो: पान सत्तावीस, ओळ सहावी, 'क सम आहे' याऐवजी 'क चा वर्ग सम आहे' असे वाचावे. चूक लेखिकेची नाही.

हे मी वत्सलाला सांगितले. मला वाटले, आता रागावेल किंवा रडेल. "अम्मानं हें वाचलें असतें," ती म्हणाली, "तर तुम्हांला शून्य."

अंबुअक्काचे घर अजून तसेच आहे. वत्सला रविवारी पूर्वीसारखीच बसने येते, खिडकीजवळच्या टेबलाशी बसते आणि टॅब्लेट शेजारी ठेवून छापील प्रत वाचते. तिच्या हातात पेन्सिल असते. दुपारी बाराच्या सुमारास माझा फोन वाजतो. तब्येतीची चौकशी नसते, हवापाण्याची नसते.

"मामा, पान एकतीस. चवथी ओळ. इथें तुम्हीं कांहीं केलेंत का?"

मी प्रत काढतो आणि त्या पानावरची पहिली ओळ वाचू लागतो.