छातीएवढं कुंपण

दादाचा फोन आला, "आई परतीचं तिकीट अलीकडचं करून मागतेय. तूच ये आणि समजाव तिला." आई कोल्हापूरहून त्याच्याकडे जर्मनीत तीन महिन्यांसाठी आली आणि महिन्यातच कंटाळली. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी सकाळीच बॉनहून कार्ल्सरूहेला निघाले. डॉइचलांडतिकीट हा महिन्याचा पास असेल तर रिजनल गाड्यांनी वेगळे पैसे पडत नाहीत, पण वेळ फार जातो. डबा सोबत घ्या; स्टेशनवरच्या कोरड्या ब्रेत्झेल पावानं माझी भूक कधीच भागलेली नाही.

स्टेशनवरून ट्रामनं रुप्पुरला जायचं. तिथली गार्टनश्टाट, म्हणजे बागांची वसाहत, शंभराहून जास्त वर्षं जुनी. सहकारी संस्थेनं बांधलेली लहान घरं, उतरती छपरं आणि मागे भाजी पिकवण्यापुरती जमीन. आरामात पाहायला दोनेक तास ठेवा. दादाच्या गल्लीत सगळ्यांची कुंपणाची झुडपं छातीएवढी, त्याची मात्र डोक्याच्याही वर गेलेली.

"फोडणीचा वास, आईचा आवाज... कुणाची तक्रार नको," दादानं कारण सांगितलं.

आई मागच्या बागेत बसली होती. "माणूस म्हणून दिसंना गं हितं. या झाडासंगं काय बोलू?"

दुपारी फाटकाशी शेजारच्या फ्राऊ केलर भेटल्या. ऐंशीच्या पुढच्या, जन्म इथलाच. वसाहतीबद्दल विचारलं तशा त्या खुलल्या. त्यांच्या लहानपणी बटाटे, कोबी, रोपं, सगळं कुंपणावरूनच इकडून तिकडे जायचं, म्हणून ते कुणी वाढू देत नसे. मग जरा अडखळल्या. "आल्झो... म्हणजे, आम्हाला वाटलं तुम्हाला एकटं राहायचंय. म्हणून हाक मारली नाही."

हे ऐकून दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "गेनाऊ, अगदी उलटं झालं की गं!" उन्हाळ्यात इथे पक्ष्यांच्या घरट्यांमुळे झुडपं फार छाटता येत नाहीत, आणि रविवारी यंत्राचा आवाज चालत नाही. आता ऑक्टोबर होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे त्याच संध्याकाळी दादानं कुंपण छातीएवढं छाटून टाकलं. पलीकडून फ्राऊ केलरनी भोपळा पुढे केला. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि रविवारी त्याचे घारगे कुंपणावरून परत गेले. एक मराठीत बोलत होती, दुसरी जर्मनमध्ये. मध्ये पडायची आम्हाला गरजच वाटली नाही.

बॉनला परतल्यावर जिना चढताना जाणवलं, समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला चार वर्षांत कळलेलं नाही. वाईट वाटलं.

बुधवारी आईला फोन केला. "मग तिकिटाचं काय ठरलं?"

"कसलं तिकीट? फोन ठेव आता, केलरबाई कुंपणाशी उभ्या हायेत."