रोबिया आपाचा रेंगाळता ठोका

रोबिया आपाचं डोकं फिरलं ते उर्गेंच शहरातल्या बाजाराबाहेर, टॅक्सीची वाट बघताना. शेजारच्या गाडीत लग्नातलं गाणं लागलं होतं आणि त्यातला ताल तिचा होता. आवाज भलत्याच ढोलाचा, पत्र्यासारखा. पण चौथा ठोका किंचित मागे रेंगाळत होता. डाव्या हाताचं बोट शिवणयंत्रात सापडल्यापासून तिचा ठोका असाच पडायचा. जन्मभर दोयरा, म्हणजे कड्यांचा डफ, वाजवलेल्या बाईला स्वतःचा हात ओळखायला वेळ लागला नाही.

मग तिला हिवाळ्यातली ती दुपार आठवली. "आपा, ताल वाजवायच्या मशीनचे हे रबरी चौकोन चालतात का बघायचंय, जरा बोटं मारा," म्हणत स्टुडिओवाल्या हमदमने हिरवा चहा पुढे केला होता. तिने हसत हसत लाझगी नाचाचा ठेका वाजवला. मेल्याने तो कॉम्प्युटरात भरून ठेवला आणि आता दिसेल त्या गाण्याखाली चिकटवत सुटला होता! लग्नांची बोलावणी आटली ती उगीच नव्हे. तिच्याच हाताने तिच्या पोटावर पाय दिला होता.

ती तरातरा हमदमच्या स्टुडिओत शिरली. माइकसमोर गुलोयिम उभी होती. रोबियाने तरुणपणापासून जिला साथ दिली तीच गायिका, शुक्रवारच्या लग्नाची तालीम करायला आलेली, तीही रोबियाला न कळवता.

"तूसुद्धा?"

गुलोयिमने मान खाली घातली. "लग्नवाले म्हणाले, मशीनचा ताल चालेल. मी काय करू गं?"

"काढ माझा हात त्यातून!" रोबिया हमदमवर कडाडली. "चोर कुठला!"

"चोरी कसली, आपा? ठोका कधी पडतो त्याच्या नुसत्या खुणा आहेत. आवाज मशीनचा. तो लंगडा ठोका खटकतोय ना? थांबा, सरळ करतो." त्याने बटण दाबलं. पडद्यावर मागे राहिलेली खूण टुणकन रेघेवर जाऊन बसली. जुना ठेका पुसून त्याने नवा साठवलाही. "झालं! आता तुमचं काय राहिलं यात?"



त्याने ताल सुरू केला. गुलोयिमची पहिली ओळ छान गेली, दुसरीच्या शेवटी ती ठसकली. पुन्हा गायली, पुन्हा तिथेच अडली. इतकी वर्षं ती त्या रेंगाळत्या ठोक्याच्या आधी श्वास घेत आली होती, आणि दोघींपैकी एकीलाही ते ठाऊक नव्हतं.

हमदमने खूण मागेपुढे सरकवून पाहिली. नेमकी जागा सापडेना. शेवटी त्याने रबरी चौकोन रोबियाकडे सरकवले. "आपा, एकदाच... पहिल्यासारखं?"

सवयीने तिचा हात पुढे गेलासुद्धा. तिने तो खेचून शालीत कोंबला.

"रोबिया," गुलोयिम रडवेली झाली, "शुक्रवारी मी श्वास कुठे घेऊ?"

"मशीनला विचार," रोबिया म्हणाली आणि दार आपटून निघून गेली.